कुडापलीकडची आक्का

तव्यावर पहिली भाकरी टाकली आणि माझी पाणमोट फुटली.

आधी मला वाटलं, काठवटीतलं पाणी सांडलं. लुगडं भिजलं, चुलीपुढची जमीन भिजली, आणि मग पोटात अशी एक कळ उठली की हातातला उंडा गळून पडला. भाकरी करपायला लागली, पण ती उलथायचंही सुचेना. मी मेढीच्या खांबाला धरून उभी राहिले.

वस्तीवर त्या दिवशी कोणी नव्हतं. भावकीतल्या एकाचं लग्न पलीकडच्या गावी होतं आणि सगळे पहाटेच गाड्या जुंपून गेले होते. माझे मालक सर्जेराव दोनदा मागे वळून म्हणाले, "ऱ्हाऊ का?" मी म्हणाले, "जावा. अजून दिवस हायेत." गावच्या सुईणीनं, साळूमावशीनं, पोट चाचपून तसंच सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण आई मी लहान असतानाच गेलेली, आणि भावजय स्वतःच दिवसांत होती. म्हणून मी सासरीच राहिले होते.

कोणी नव्हतं म्हणते खरी, पण एक माणूस होतं. कुडाच्या पलीकडे माझी थोरली जाऊ होती, बनाबाई. मी तिला आक्का म्हणायची. म्हणायची, असंच म्हटलं पाहिजे, कारण पावसाळ्यापासून आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नव्हतो.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासू वारलेली होती. धाक दाखवणारी आक्काच, माया करणारीही आक्काच. भाकरी थापायला तिनं शिकवलं, न्हाऊ तिनं घातलं. माझे केस गुडघ्याला टेकायचे. रोज दुपारी मला पुढ्यात बसवून ती ते विंचरायची आणि म्हणायची, "एवढं केस घिऊन माझ्याच नशिबाला कुठनं आलीस गं?" वर्षभर आम्ही एका ताटात जेवलो.

आणि मग एके सकाळी, काही कारण नसताना, ती दुधाचं पातेलं घेऊन अंगणात उभी राहिली आणि शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, "साय कुणी खाल्ली? घरात चोर शिरलाय!"

मी साय खाल्ली नव्हती. त्या दिवसांत मला दुधाचा वासही सोसत नव्हता. मी तसं म्हणाले, तर आक्का म्हणाली, "मग मांजरानं झाकण काढलं, साय खाल्ली आन् परत झाकण ठिवलं व्हय?"

त्या सायीवरून चूल वेगळी झाली. थोरले भाऊजी हरिबा गरीब माणूस. ते म्हणाले, "अगं, एवढ्याशा सायीवरनं?" पण आक्का ऐकेना. घराच्या मधोमध तुराट्यांचा कूड उभा राहिला, शेणामातीनं लिंपला गेला. अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

पुढं मला दिवस गेल्याचं कळलं. बायका ओटी भरायला आल्या, आक्का आली नाही. विहिरीवर मी दिसले की ती घागर तशीच घेऊन आडवाटेनं जायची. बायका म्हणायच्या, "जळतीया ती. तिची तीन मातीत गेली. तुझं पोट तिला बघवंना." मी त्यांना गप्प करायची, पण रात्री मलाही वाटायचं की असेल बाई, तसंच असेल.

तर त्या दिवशी दुसरी कळ आली आणि मी ओरडले. कुडापलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग अंगणातून आक्काचा आवाज आला.

"चंद्रे, जरा कुणालातरी इचार, पानी गेलं का?"

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. लिंबाखाली बांधलेली असायची. अबोला धरल्यापासून मला काही सांगायचं झालं की आक्का म्हशीला सांगायची. 'चंद्रे, कुणाचंतरी वाळवण कोंबड्या खात्यात.' 'चंद्रे, कुणाच्यातरी दारात इंचू निघालाय.' एरवी मी उत्तर देत नव्हते. त्या दिवशी दिलं.

"गेलं म्हणावं, चंद्रे."

"कळा लांबलांब हायेत का लगालगा?"

"लगालगा."

मग तिची पावलं धावत बांधाकडे गेली. शेजारच्या रानात म्हातारे तात्या माळ्यावर बसून ज्वारीवरची पाखरं हाकत होते.

"तात्या! ओ तात्या! साळूमावशीला बलवा!"

"सुईन लग्नाला गेली की!"

"मग लग्नातनं आना! अक्षता पडायच्या आत आना!"

तात्या काठी टेकत बांधावरून निघालेले मला दारातून दिसले. त्यांची चाल बघून मला रडू आलं.

ऊन वर चढत गेलं. आक्का अंगणातच होती. चंद्रीला काय काय सांगत होती. "चंद्रे, निजू नगं म्हणावं, चालत ऱ्हा म्हणावं. मेढीला धरून कमरेत वाक. कळ आली की दात आवळू नगं, तोंड उघडं ठिव. तोंड मोकळं तर खालचं मोकळं." मी चालत होते, वाकत होते, तोंड उघडं ठेवत होते. म्हैस रवंथ करत होती. मधे एकदा मला हसू आलं आणि हसता हसता कळ आली, तेव्हा आक्का बाहेरून घाईनं म्हणाली, "हसू दे, हसू दे. हसलेलं बरं असतंया."

थोड्या वेळानं ती दारात आली. कढत पाण्याचं पातेलं, धुतलेलं जुनं मऊ लुगडं आणि अंबाडीच्या सोलाचा दोर असं तिनं हात लांब करून उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि चटका बसल्यासारखी मागं झाली. ऊन तिच्या पाठीवर होतं. तिची सावली दारातून आत पडली होती. तिनं ती पाहिली आणि पटकन बाजूला सरकली. मला वाटलं, माझं तोंडसुद्धा बघायचं नाही हिला.

मग कळांचा रंगच बदलला. आतापर्यंत पोट दुखत होतं. आता कोणीतरी आतून खाली ढकलत होतं आणि मला थांबवता येत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले. आपण मरणार असं मला अगदी स्पष्ट वाटलं. आणि मग म्हशीबिशीचं भान राहिलं नाही.

"आक्का! आत या!"

बाहेर पावलं थबकली.

"आक्का, मला भ्या वाटतंय. आत या वो!"

ती दाराच्या कडेला आली. मला फक्त तिचा खांदा आणि पदर दिसत होता.

"न्हाय गं गजरे," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझं नाव घेतलं. "मला आत बलवू नगंस. मावशी येतीया. थोडा दम धर."

मला संताप आला. दुखत होतं म्हणूनही आला असेल. "सायीवरनं? एवढ्या सायीवरनं मी हितं मेले तरी चालंल तुम्हास्नी?"

"साय कुणीच खाल्ली न्हाय," आक्का म्हणाली. "मीच मांजराला घातली."

पुढची कळ आली. मी ती कशी काढली आठवत नाही. ती गेल्यावर मी विचारलं, "का?"

"आदल्या दिवशी मी दुधाचं पातेलं उघडलं आन् तू नाकाला पदर लावलास. तुला कळायच्या आधी मला कळलं. मला तीनदा तसंच झालं व्हतं. आपल्या सासूनं जाताना मला जवळ बसवून सांगितलं. तिला देवरुषानं सांगितलेलं. माझी सावली जिच्या पोटावर पडंल तिचं पोट वाळंल म्हनं. भावकीत कुनी दिवसांत असलं तर लांब ऱ्हा म्हणाली. मी काय करनार? तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस व्हय? हसली असतीस, आन् केस इंचराय परत पुढ्यात येऊन बसली असतीस. म्हून भांडान काढलं."

मी मेढीला डोकं टेकलं होतं. विहिरीवरून आडवाटेनं जाणारी आक्का, बाजूला सरकलेली सावली, सगळं मला एकदम दिसलं. पण रडायलाही वेळ नव्हता. आतून पुन्हा जोर आला.

"आक्का," मी म्हणाले, "सावली पोटावर पडायची न्हवं? आता ते पोटात ऱ्हायलंय कुठं? भाईर यायला लागलंय. पडू द्या सावली. हात द्या मला."

ती हलली नाही.

"आक्का, ते पडंल खाली!"

मग ती आली. कशी आली ते मी पाहिलं नाही, माझे डोळे मिटलेले होते. एकदम तिच्या अंगाचा ओळखीचा वास आला आणि तिचे दोन्ही हात माझ्या कमरेला लागले.

आल्यावर मात्र ती वेगळीच बाई झाली. दोर आढ्यावरून टाकून तिनं माझ्या हातात दिला, लुगडं खाली अंथरलं, पाण्यात हात धुतले आणि माझ्या पुढ्यात बसली. "ओढ दोर. वरडायचं तर वरड, हितं कोन ऐकतंय? आता थांब. थांब म्हणते न्हवं. धाप टाक कुत्र्यावानी. जोर करू नगं, फाटंल. हां. आता हळू." हे सगळं तिला साळूमावशीनं सांगितलेलं होतं, तिच्याच बाळंतपणांत. तीनही वेळा तिनं ते नीट ऐकलं होतं.

डोकं आलं. मग सगळं अंग एकदम निसटून आक्काच्या हातात गेलं. मी दोर सोडून मागं टेकले.

आणि आवाज आला नाही.

मी वाट बघत होते. बाहेर लिंबावर चिमण्यांचा कलकलाट चालला होता तेवढा ऐकू येत होता. मी मान उचलून पाहिलं. बाळ आक्काच्या दोन्ही तळव्यांवर होतं, निळसर आणि सैल. आक्का त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्यही नव्हतं. पूर्वी पाहिलेलं काहीतरी पुन्हा समोर आल्यासारखी ती बसली होती.

"असंच असतंया," ती पुटपुटली. "असंच गप असतंया."

मला कुठून सुचलं देव जाणे. मी जोरात म्हणाले, "आक्का, ते तुमचं न्हाय! ते माझं हाय! हलवा त्याला!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. झोपेतून उठवल्यासारखं पाहिलं. मग तिचं बोट बाळाच्या तोंडात गेलं, आतलं चिकट तिनं काढलं. बाळाला एका हातावर पालथं घेतलं आणि दुसऱ्या हातानं पाठ चोळायला लागली, खालून वर, खालून वर. तळपायांना टिचक्या मारल्या. पुन्हा पाठ चोळली. "ए," ती त्याला म्हणत होती, "ए बया, ए. हिकडं बघ. आईकडं बघ तुझ्या."

बाळानं उचकीसारखा एक बारीक आवाज काढला. मग खोकल्यासारखा. आणि मग ते असं रडलं की चंद्रीही बाहेरून हंबरली.

आक्कानं ते नाळेसकट माझ्या छातीवर ठेवलं. "पोरगी हाय," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तिचे हात कोपरापर्यंत माखले होते. त्या हातांनी डोळे पुसता येईनात, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले.

साळूमावशी आली ती नाळेमागची वार पडून गेल्यावर. नवऱ्यामुलाच्या मामानं तिला सायकलवर मागं बसवून आणलं होतं. कपाळाच्या कुंकवाला अक्षता चिकटलेल्या. दारातच तिनं पोरीचा आवाज ऐकला आणि तिची घाई संपली. आत येऊन तिनं माझं पोट दाबून पाहिलं, वार उजेडात धरून उलटसुलट पाहिली, पोरीचे हातपाय ताणून पाहिले. मग पिशवीतला दोरा काढून नाळ दोन ठिकाणी बांधली, पातं कढत पाण्यातून काढलं आणि आक्कापुढं धरलं.

"काप."

"मी?"

"मग काय मी? मी लग्नात बसले व्हते."

आक्का मागं सरली. "मावशी, तुमास्नी म्हाईत हाय. माझा हात..."

"तुझा हात काय?" साळूमावशी खालीच बसली. तिचे गुडघे दुखायचे. "बने, तुझी तिन्ही बाळं मी काढली. पैलं आलं तेच गप आलं, दुसरीनं दूध घेतलं न्हाय, तिसरं बी गेलं. कुनाच्या हातात व्हती ती? माझ्या. मग एवढ्या वर्सांत माझ्या हाताला कुनी काय म्हणलं का? माझी सावली कुनी टाळली? परत बलवायला आलेच की समदे. माझा हात चांगला आन् तुझी सावली वाईट, ह्यो कुठला न्याय?"

आक्कानं पोरीकडं पाहिलं.

"आन् ही रडतीया ती कुनाच्या हातात रडली? धर."

आक्कानं पातं घेतलं. नाळ एका घावात तुटली.

सांजेला सगळे लग्नाहून आले. सर्जेराव दारातून आधी मला, मग पोरीला आणि मग चुलीपुढं माझ्यासाठी पेज ढवळत बसलेल्या आक्काला बघत राहिले. शेवटी म्हणाले, "वैनी, जेवलासा का?" आक्का म्हणाली, "तुमची बायकू जेवली का ते आदी इचारा." त्या उन्हाळ्यात भाऊजींनी कूड काढून टाकला.

बाहेर बोलणारे होतेच. बारशाला आक्का पोरीला मांडीवर घेऊन बसली तेव्हा दोघी-तिघींनी नजरा लपवल्या. आमच्या चुलतसासूनं तर मला बाजूला घेऊन म्हटलं, "बरं झालं निभावलं, पर रोजरोज तिच्याकडं देत जाऊ नगंस." मी म्हणाले, "आत्याबाई, ती रडली की मी आक्काकडंच देते. माझ्याकडं राहत न्हाय." ते खोटंही नव्हतं.

पोर वर्षाची व्हायच्या आत साळूमावशीला दिसायचं कमी झालं. दोऱ्याची गाठ डोळ्यांना लागेना. एके सकाळी ती चाचपडत आमच्या अंगणात आली आणि म्हणाली, "बने, चल. वरच्या आळीत पोरगी अडलीया. माझ्या हाताला डोळं पाहिजेत." आक्का पोरीला भरवत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पोरीला उचलून घेतलं. आक्का हात धुऊन, पदर खोचून मावशीच्या मागं गेली. जाताना तिनं तोंड असं केलं होतं, जणू कोणी तिला चावडीवर न्यायला आलंय.

दुपार कलली तेव्हा ती परत आली. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "भूक लागलीया."

मी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा. ती भराभर खायला लागली. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर तीच बोलायला लागली.

"तिची सासू दारात आडवी झाली. म्हणाली, हिला कशाला आनलं? मावशी काय बोलायच्या आत आतनं ती पोरगी वरडली, 'कोन का असंना, आत या लौकर!'" आक्का हसली. असं मोकळं हसलेलं मी खूप दिवसांनी पाहिलं. "सासू बघतच ऱ्हायली. पोरगा झाला. आडवा व्हता, मावशीनं फिरवला. मी निस्ती धरून व्हते तिला. ह्येऽ एवढं जावळ!"

तिनं दोन बोटांनी जावळ दाखवलं. मग बोटं तशीच धरून राहिली.

"माझ्या थोरल्याला असंच जावळ व्हतं," ती म्हणाली.

आमच्या घरात त्या बाळांबद्दल कधी कोणी बोललं नव्हतं. भाऊजी नाही, आक्का नाही. 'तिची तीन गेली' एवढंच लोक म्हणायचे. मी पोरीला थोपटत होते. थोपटणं थांबवलं नाही, न जाणो आक्का थांबेल.

"काळंभोर. मावशीनं ते मला दावलं आन् गुंडाळून नेलं. दुसरी पाच दिस ऱ्हायली. तिच्या कानाच्या पाळीला बारकी खोबन व्हती, टोचल्यागत. मी म्हनायची, हिचं कान सोनाराकडं न्यायला नगोत. धाकटं मात्र मी बघितलंच न्हाय. बघू नगं म्हणाले समदे. आता वाटतं, बघायला पायजे व्हतं."

"दुसरीचं नाव ठिवलं व्हतं का?" मी विचारलं.

"बारसं कुठं झालं? बाराव्या दिवसापतोर ऱ्हायली न्हाय ती." आक्कानं कांद्याची एक पाकळी सोडवली. "मनातल्या मनात ठिवलं व्हतं. मथुरा."

"चांगलं हाय."

"व्हय," आक्का म्हणाली, "चांगलंच हाय." आणि तिनं उरलेली भाकरी कालवणात कुस्करायला घेतली.